'सु कासा' म्हणजे नक्की कुणाचं घर? – तोडक्यामोडक्या स्पॅनिशवर केलेला शेजार

साखरपेठकर

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात निशिगंधनं दुसऱ्या धाग्यावर विचारलं होतं, "नवऱ्याचं काम मेक्सिकोत निघालंय, मला स्पॅनिशचा गंध नाही, तिथल्या लोकांशी बोलू कशी?" उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी सोलापूरची. माहेर साखर पेठेत, आता जुळे सोलापूरला असतो. यजमान गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहेत. त्यांच्या कामामुळे आम्ही पुएब्ला नावाच्या शहरात सव्वादोन वर्षं राहिलो. मेक्सिको सिटीपासून बसनं साधारण दोन तास. गाव २१०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे, त्यामुळे पहिले काही दिवस जिना चढला तरी धाप लागायची. गच्चीवरून पोपोकातेपेत्ल हा जिवंत ज्वालामुखी दिसायचा, त्याच्या तोंडातून धूर निघत असायचा. पहिल्या महिन्यात मी जास्तीत जास्त वेळ त्या धुराकडे बघण्यात घालवला, कारण बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

जायच्या आधी तीन महिने ऑनलाइन क्लास केला होता. बाईंनी सगळं इंग्रजीतून शिकवलं. क्रियापदांचे तक्ते पाठ झाले, परीक्षेत चांगले मार्क पडले. पण खालच्या मजल्यावरच्या सेन्योरा (तिकडे बाईंना असं म्हणतात) जिन्यात पहिल्यांदा काही बोलल्या, तेव्हा त्यातला एक शब्दही मला सुटा ऐकू आला नाही. मी मान हलवली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. पुढचे पंधरा दिवस त्या भेटू नयेत म्हणून त्यांच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत मी दारामागे उभी राहायचे. हे लिहिताना आजही वाईट वाटतं, कारण त्या फक्त "कचऱ्याची गाडी घंटा वाजवत येते, तेव्हा खाली ये" एवढंच सांगत होत्या.

मग एके दिवशी त्यांनी जेवायला बोलावलं. वाक्य होतं, "एल दोमिंगो लोस एस्पेरामोस आ कोमेर एन सु कासा, आ लास त्रेस." मला कळलेले शब्द: रविवार, जेवण, तुमचं घर, तीन वाजता. मला वाटलं, त्या आमच्याकडे यायचं म्हणतायत. नवीन माणसांचं घर बघायचं असेल! मी हो हो म्हटलं आणि शनिवारपासून तयारीला लागले. हरभऱ्याची डाळ काही मिळाली नाही, म्हणून अख्खे काबुली हरभरे भिजवून, सालं काढून पुरण घातलं. रविवारी तीन वाजले, साडेतीन वाजले, कुणी आलं नाही. चार वाजता दारावर थाप पडली. त्यांचा नातू होता. मला हाताला धरून खाली घेऊन गेला. तिथे बारा माणसं जेवायची थांबली होती.

तिकडची रीत अशी, की आपल्याच घराचा उल्लेख समोरच्यापुढे "तुमचं घर" असा करायचा. "मी अमुक गल्लीत राहते, तुमच्याच घरात." आपण नाही का म्हणत, "आपलंच घर आहे, केव्हाही या"? तेच. फक्त आपण ते शेवटी जोडतो, त्यांच्याकडे ते वाक्याच्या पोटातच असतं. आमचे हे वर जाऊन पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आले. घडला प्रकार मी कसा समजावला ते आठवत नाही. वरच्या घराकडे बोट, घड्याळाकडे बोट, एवढंच आठवतं. पण सेन्योरांना समजलं, तेव्हा त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्या दिवशी आम्ही सात वाजेपर्यंत टेबलावरून उठलो नाही. जेवण झाल्यावर ताटं तशीच ठेवून बसून राहण्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'सोब्रेमेसा'. मला त्या तीन तासांत फार तर चाळीस शब्द कळले असतील. पण दारामागे उभं राहणं त्या दिवशी संपलं.

तेव्हा निशिगंध, पहिली गोष्ट ही, की भाषा येईपर्यंत थांबू नकोस. आपण सोलापूरकर आहोत. आपल्या वाड्यात तेलुगू बोलणारी मावशी, कानडी बोलणारी आजी, बोळाच्या तोंडाशी दखनी बोलणारे चाचा, यांच्याशी आपण व्याकरण शिकून बोललो नव्हतो. वाटी द्यायला गेलो आणि बोललो. इतकी वर्षं अंगवळणी पडलेली ही गोष्ट मी विमानात बसताना का विसरले, कोण जाणे.

दुसरी गोष्ट बाजार. आपल्या मंगळवार बाजारासारखा तिकडे ठरलेल्या वारी रस्त्यावर बाजार भरतो, त्याला 'त्यांगिस' म्हणतात. मी मॉलमध्ये जाणं बंद केलं आणि दर आठवड्याला त्याच बाजारात, त्याच तीन बायकांकडून भाजी घ्यायला लागले. आकडे सोपे जातात: दोस, त्रेस, सिएते, ओचो, नुएवे. दोन, तीन, सात, आठ, नऊ यांचीच भावंडं आहेत ती. चौथ्या आठवड्यात त्या मला 'मार्चांता' म्हणायला लागल्या, म्हणजे रोजची गिऱ्हाईक. आपण कोथिंबीर वर मागतो ना, तसं त्या स्वतःहून वर घालतात, त्याला 'पिलोन' म्हणतात. पहिल्यांदा पिलोन म्हणून हातावर दोन लिंबं पडली, तेव्हा मी ती घरी नेऊन तशीच ठेवली होती, दोन दिवस कापवली नाहीत.

अजून बरंच आहे. विचाराल तसं लिहीन.

वालेन्सियातला सोलापुरी

ताई, सु कासा वाचून अंगावर काटा आला. मी स्पेनमध्ये वालेन्सियाला सहा वर्षं आहे. मूळचा बाळीवेशीतला.

स्पेनमध्ये चित्र जरा वेगळं आहे, ते सांगतो, म्हणजे इथे येणाऱ्यांचा गोंधळ होणार नाही. घरी बोलावणं इथे उशिरा येतं, कधी वर्ष उलटून जातं. माणसं भेटतात ती बाहेर, चौकात, बारमध्ये. बार म्हटलं की आपल्याकडे वेगळं वाटतं. इथे सकाळी आजीसुद्धा बारमध्येच बसून कॉफी पिते. रात्रीचं जेवण नऊ-दहाच्या पुढे. गालाला गाल लावून दोनदा भेटतात. मेक्सिकोत एकदाच, बरोबर ना? शिवाय आमच्या भागात लोक आपसात वालेन्सियन बोलतात, तेव्हा स्पॅनिश येऊनही पहिल्यांदा परकं वाटतं.

माझी खरी अडचण घोळक्याची होती. एकट्या माणसाशी तोडकंमोडकं जमायचं, पण सहाजण एकत्र बसले की मी नुसता चेहरे बघत राहायचो. हसले की हसायचं. रात्री खोलीवर आल्यावर डोकं दुखायचं.

सुटलो तो 'फायास'मुळे. मार्चमधला इथला मोठा उत्सव, २०१६ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. गल्लीगल्लीत त्याची मंडळं असतात, अगदी आपल्या गणेश मंडळांसारखी. वर्गणी, अध्यक्ष, मिरवणूक, बँड, सगळं. प्रत्येक मंडळ प्रचंड पुतळे उभे करतं आणि १९ मार्चच्या रात्री ते पेटवून देतं. आमच्या खालच्या मंडळात मी जाऊन म्हटलं, "पुएदो आयुदार?" म्हणजे मदत करू का? दोनच शब्द. त्यांनी खुर्च्या उचलायला लावल्या. मग कांदे चिरायला, रस्त्यातच लाकडांवर पाएयाची, म्हणजे इथल्या भाताची, मोठी कढई चढते तेव्हा. हातात काम असलं की घोळक्यात गप्प राहिलेलं कुणाला खटकत नाही, आणि मधूनमधून "सुरी दे", "ते तिकडं ठेव" असलं बोलणं कानावर पडत राहतं. माझं निम्मं स्पॅनिश आज्ञार्थी आहे ते त्यामुळेच.

पुतळा जळताना मंडळातल्या पोरी रडतात. मी विसर्जनाचा माणूस, मला ते रडणं सांगावं लागलं नाही.

भैय्या चौक

साखरपेठकर ताई, तुमचा धागा वाचताना आमच्या शेजारच्या स्मारकाची आठवण झाली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, आपल्या सोलापूरचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. चिनीचा एक शब्द येत नव्हता. तिथे राहून भाषा शिकले, सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ मध्ये अवघ्या बत्तीस वर्षांचे असताना तिकडेच गेले. आजही चिनी पाहुणे इथवर येतात, त्यांचं घर बघून हात जोडतात.

माझा मुद्दा एवढाच, की त्यांनी भाषा शिकली. खुणांवर थांबले नाहीत. पहिले दोन महिने हसून, हातवारे करून निघतात. पुढे माणूस कायमचा पाहुणा राहतो. सगळे गोड वागतात, पण खरं कुणी सांगत नाही. माझा मुलगा चिलीत तीन वर्षं होता, त्याचं असंच झालं. सगळे ओळखीचे, मित्र एकही नाही. म्हणून निशिगंध, क्लास सोडू नका.

साखरपेठकर

भैय्या चौक काका, पूर्ण पटलं. मी क्लास सोडा असं म्हणत नाही. इंग्रजीच्या रस्त्यानं जाऊ नका, असं म्हणते. आमच्या क्लासमध्ये 'मे गुस्ता' वर दोन आठवडे गेले, कारण इंग्रजीत ते उलटं पडतं. बाई म्हणायच्या, लक्षात ठेवा, इथे कर्ता बदलतो. अहो, 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'! शब्दाला शब्द. 'मे दुएले ला काबेसा', माझं डोकं दुखतंय. मराठी माणसाला यात काही नवीन नाही, पण ते मला कुणी सांगितलंच नाही. पुएब्लात तिसऱ्या महिन्यात भांडी घासताना अचानक लक्षात आलं.

तसंच 'तू' आणि 'उस्तेद'. तू आणि तुम्ही. सासूबाईंना तू म्हणायचं नाही, हे आपल्याला शिकवायला लागत नाही. सेन्योरांना मी शेवटपर्यंत उस्तेदच म्हणत राहिले, आणि ते त्यांना आवडायचं. 'मी' दरवेळी म्हणावं लागत नाही, 'जातो-जाते' म्हटलं की कळतं, तसंच तिकडे 'बोय' म्हटलं की मी जाते हे कळतं. लिंगं आपल्याला तीन, त्यांना दोनच. त आणि द आपल्यासारखे दातांवरचे. आणि पोर्तुगीजांच्या कृपेनं कितीतरी शब्द ओळखीचे: बालदीला बाल्दे, तंबाखूला ताबाको. 'पागार' म्हणजे पैसे देणे, तोच आपला पगार.

दाजीपेठ

ताई, एक वेगळी बाजू मांडू का? सोलापूरकराला हे अंगवळणी आहे असं तुम्ही म्हणता. आहे. पण त्याची किंमत कुणी मोजली?

आमची आजी लग्न होऊन तेलंगणातून पूर्व भागात आली. पन्नास वर्षं मागावर काढली. कांड्या भरायची. शेजारी मराठी, समोर कानडी, सगळ्यांशी संबंध उत्तम. मार्कंडेयाच्या रथाला सगळ्या बायका तिच्याच ओट्यावर. "काय करायलाव, जेवलाव का" एवढं मराठी तिला येत होतं, भाव करण्यापुरतं येत होतं. पण माझे काका गेले, तेव्हा शेजारच्या बायका येऊन बसल्या आणि आजी त्यांच्याशी मराठीत एक वाक्य बोलू शकली नाही. दुःखाचे शब्द तिच्याकडे फक्त तेलुगूत होते. बायका गेल्यावर भिंतीकडे तोंड करून ती तेलुगूत बोलत राहिली. मी दहा वर्षांचा होतो.

बाजारातली आणि मंडळातली दोस्ती खरी आहे, नाही म्हणत नाही. पण तोडक्या भाषेत माणूस आनंदाचाच वाटेकरी होतो. दुःख कुठे ठेवायचं?

साखरपेठकर

दाजीपेठ दादा, दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं सुचत नव्हतं.

तुमच्या आजीचं वाचून मला सेन्योरांच्या आई गेल्या ते दिवस आठवले. आम्हाला येऊन दहा महिने झाले होते. मी 'लो सिएंतो मुचो' एवढंच पाठ करून खाली गेले. ते म्हटलं आणि पुढे काहीच नव्हतं. तिकडे अंत्यविधीनंतर नऊ संध्याकाळी घरात माळ जपतात, त्याला 'नोवेनारियो' म्हणतात. मला प्रार्थना येत नव्हती. मी नऊच्या नऊ दिवस जाऊन मागच्या खुर्चीवर बसले आणि शेवटी कॉफीचे कप धुतले. नवव्या दिवशी कळलं, की त्यांच्या सख्ख्या बहिणीनं सेन्योरांना माझ्याबद्दल विचारलं होतं, ही कोण? आणि त्यांनी सांगितलं होतं, वरची.

तरी तुमचं म्हणणं खोटं नाही. तेव्हा दुःख त्यांचं होतं, माझं नव्हतं. माझं मी वर घेऊन बसले होते. पुएब्लाला जायच्या आधीच्याच वर्षी माझे वडील गेले होते, आणि हे मी तिथे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायला वाक्य नव्हतं म्हणून नव्हे. 'मि पापा मुरियो', तीन शब्दांचं तर वाक्य. ते सांगितल्यावर पुढे जे विचारतील, त्याचं उत्तर देता येणार नाही, याची भीती होती.

नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला तिकडे मृतांचा सण असतो. घरोघरी गेलेल्यांसाठी मांडणी करतात, तिला 'ओफ्रेंदा' म्हणतात. फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, मीठ, गोड पाव, कोपालचा धूप, आणि झेंडूची रास. झेंडू मूळचा तिकडचाच, दसऱ्याला आपण ज्याची तोरणं लावतो तो तिथूनच जगभर गेला. सेन्योरांनी मला पाकळ्या सोडायला बोलावलं होतं. पाकळ्या सोडता सोडता त्यांनी विचारलं, "तुझे कोण?" मी फोनमधला दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलानं जाऊन तो छापून आणला, आणि त्यांच्या आईच्या शेजारी ठेवला.

मग विचारलं, काम काय करायचे? गिरणीत, म्हटलं. 'फाब्रिका'. कसली ते सांगता येईना, तेव्हा मी हातानं मागावरचा धोटा इकडून तिकडे मारून दाखवला. सेन्योरांनी लगेच शब्द दिला, "लान्सादेरा!" पुएब्ला हे गिरण्यांचंच गाव. १८३५ साली मेक्सिकोतली पहिली यंत्रावरची सूतगिरणी तिथे सुरू झाली, ला कोन्स्तान्सिया मेहिकाना. इमारत अजून आहे. मी ती नंतर चारदा बघून आले. त्या सणाला गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ ठेवायचा असतो, म्हणून मी वर जाऊन सोलापूरहून आणलेली शेंगाचटणी वाटीत घालून आणली. धोट्याला काय म्हणतात हे मला क्लासनं कधी शिकवलं नसतं, आणि तो एक शब्द मिळाल्यावर मी दादांबद्दल त्या रात्री पहिल्यांदा बोलले. अर्धं स्पॅनिश, अर्धं मराठी. मराठी आलं की त्या थांबवत नव्हत्या.

तुमच्या आजींना भिंतीकडे तोंड करावं लागलं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, दादा. पण शेजारच्या एखादीनं म्हणायला हवं होतं, की तेलुगूतच बोल, आम्ही बसलोय.

दाजीपेठ

ताई, हे वाचून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, समोरच्या कानडी आजी बसून राहिल्या होत्या, रात्रभर. मला लहानपणी ते दिसलं नव्हतं.

हुरडा

एक छोटीशी भर. माझी बहीण ओआहाकाला फिरायला गेली होती, ती म्हणाली, हॉटेलात अनोळखी माणसंसुद्धा जेवणाऱ्याच्या टेबलाजवळून जाताना 'प्रोवेचो' म्हणतात, म्हणजे जेवण अंगी लागो. एवढा एक शब्द शिकून गेलं तरी समोरचा हसून बघतो.

निशिगंध

साखरपेठकर ताई, तुम्ही माझ्यासाठी एवढं लिहिलंत. मी दोनदा वाचलं, यांनाही वाचायला दिलं. पुढच्या महिन्यात तिकिटं आहेत. दोन प्रश्न राहिलेत. आम्ही शाकाहारी आहोत, घरी बोलावलं तर काय सांगायचं? आणि भेट म्हणून चादर नेऊ का? वजनाचा प्रश्न आहे.

साखरपेठकर

निशिगंध, नुसतं "कार्ने खात नाही" म्हणू नकोस, कार्ने म्हटलं की तिकडे पुष्कळांच्या मनात गोमांस किंवा डुकराचं मांसच येतं, आणि पानात कोंबडी वाढतात. पूर्ण म्हण: "नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो." मांस, कोंबडी, मासे. घेवड्याच्या उसळीत आणि तामालेसमध्ये (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) 'मान्तेका', म्हणजे डुकराची चरबी असू शकते, ते आधी विचार. नाही म्हटलं की राग येत नाही कुणाला, पण पान रिकामं दिसलं की त्यांचा जीव कासावीस होतो, म्हणून तोर्तिया मागून घे. मक्याला चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून वाटतात आणि तव्यावर भाजतात. भाकरीच्या माणसाला ती परकी लागत नाही.

चादर एकच ने, आणि ती लगेच देऊ नकोस. आधी शेजार होऊ दे. बाकी सामानात आपले नॅपकिन घाल, हलके असतात आणि दहाजणांना देता येतात.

आणि रविवारी सकाळी घरी ये. जुळे सोलापूरच्या पाण्याच्या टाकीपाशी येऊन फोन कर, मी घ्यायला येते. तासभर नुसते आकडे आणि भाजीची नावं करू. यांनाही आण, जेवूनच जा.

भैय्या चौक

मलाही यायला आवडेल, जागा असेल तर. मुलगा डिसेंबरात सुनेला घेऊन येतोय. ती चिलीची आहे. मराठी शिकतेय, आणि मला तिच्याशी फोनवर "ओला"च्या पुढे काही बोलता येत नाही.

साखरपेठकर

या ना काका. एन सु कासा, दहा वाजता.